तलावावरची बदकं, खालचं शेड आणि मधली पाइपलाइन : लातूर जिल्ह्यातल्या एका गावाचं प्रकरण

जानेवारी 2025 मधे उदगीर शहरात कावळे मरून पडायला लागले. पन्नासच्या वर गेले, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले, एच5एन1 बर्ड फ्लू असल्याचं पक्कं झालं आणि 10 किमीचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच सुमारास अहमदपूर तालुक्यातल्या ढाळेगावात चार हजारांवर पिल्लं मेल्याची बातमी आली. मी या भागात कोंबड्यांच्या शेडवर जाणारा पशुवैद्यक, परभणीच्या कॉलेजातनं शिकलेला, त्यामुळं त्या आठवड्यात फोन खाली ठेवायला वेळ नव्हता. त्यातलाच एक फोन एका गावातनं आला. ते गाव 10 किमीच्या बाहेर, पण भीती काय किलोमीटर मोजून थांबत नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा विषयात नाव आलं की तिथली कोंबडी वर्षभर कुणी घेत नाही, आणि या गावात तर आजार आलाही नव्हता. लिहितोय ते यासाठी की आजार नसताना काय करायचं हे कुणी सविस्तर सांगत नाही, आल्यावर काय होतं तेवढंच सगळे दाखवतात.

गावाची रचना आधी समजून घ्या. वरच्या अंगाला पाझर तलाव, खाली ओढा, ओढ्याच्या कडेला तात्यांचं 5000 पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड, करार पद्धतीचं, म्हणजे पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड-पाणी-मेहनत तात्यांची. शेडपासून हाकेच्या अंतरावर वस्ती, तिथं प्रत्येक घरी पाच-दहा गावरान कोंबड्या. आणि तलावावर दरवर्षी दिवाळीच्या आसपास उतरणारी पाहुणी बदकं. गावात सगळ्यांना मिळून पाणबदकंच म्हणतात पण त्यात थापट्या असतात, लांब शेपटीची तलवार बदकं असतात, केशरी रंगाचे चक्रवाक जोडीनं असतात, काळे वारकरी तर शेकड्यानं, आणि एखाद्या वर्षी पट्टकादंब पण उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे. मार्चपर्यंत बहुतेक निघून जातात.

मी गेलो तेव्हा मारुतीच्या पारावर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि निर्णय जवळजवळ झाला होता. सुतळी बॉम्ब आणायचे, सकाळ-संध्याकाळ फोडायचे, बदकं उठवायची. एकजण म्हणाला औषध लावलेली ज्वारी टाकू, एका झटक्यात विषय संपतोय. तात्या गप्प होते. त्यांच्या शेडात पक्ष्यांची बॅच, म्हणजे एकदम वाढवलेला गट, अर्ध्यावर आलेली, डोक्यावर शेडचं कर्ज. ते एवढंच बोलले, "डॉक्टर, बदकं येऊलालेत तिबेटातून, आजार आणूलालेत, मग आमी काय बगत बसावं का?"

तात्यांच्या प्रश्नात चूक काही नाही. रानपक्षी हा विषाणू वाहतात हे खरंच आहे. 2005 ला चीनमधल्या छिंगहाई तलावावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब सगळ्यात जास्त. जानेवारी 2021 ला हिमाचलच्या पोंग धरणावर परत हेच पट्टकादंब हजारोंनी मेले. त्याच महिन्यात परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, आमच्याकडं लातूर जिल्ह्यातल्या केंद्रेवाडीतही निघाला. आणि बदकांची आणखी एक अडचण, बऱ्याच जातीच्या बदकांच्या पोटात विषाणू असतो, विष्ठेतनं पडतो, पण बदक आजारी दिसत नाही. छान पोहतंय, उडतंय, खातंय. कोंबडीत तोच विषाणू आला की दोन-चार दिवसांत शेड रिकामं. म्हणून पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांनी "पक्ष्यांचा काही संबंध नाही" असं म्हणू नये, मी स्वतः पक्षी बघणारा आहे तरी सांगतो, शेतकऱ्याला ते खोटं वाटतं आणि मग तो पुढचं काहीच ऐकत नाही.

पण फटाके वाजवल्यानं काय होतं ते बघा. बदकं उठतात, घिरट्या घालतात आणि जवळच्या दुसऱ्या तळ्यावर, शेततळ्यावर, ओढ्याच्या डोहावर पांगतात. आधी एका ठिकाणी होती ती चार ठिकाणी झाली, त्यातलं एखादं शेततळं तर शेडला अगदी खेटून. थकलेला, घाबरलेला, नीट न खाल्लेला पक्षी विषाणू जास्त टाकण्याची शक्यता पण असते. अन्न आणि कृषी संघटना, जागतिक पशु आरोग्य संघटना सगळे गेली वीस वर्षं हेच सांगतायत की रानपक्ष्यांना मारू नका, पांगवू नका, पाणथळ जागा कोरड्या करू नका, त्यानं आजार आटोक्यात येत नाही. विष लावलेल्या ज्वारीचं तर विचारूच नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि मेलेलं बदक तलावात सडणार, कावळा-कुत्रं खाणार, तेच पाणी माणसं-जनावरं पिणार.

हे सगळं मी पारावर बोललो आणि कुणालाही पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. कारण मी "हे करू नका" एवढंच सांगत होतो आणि त्यांच्या हातात दुसरं काही देत नव्हतो. मग म्हटलं तात्या, चला, शेडपासून उलटं चालत तलावापर्यंत जाऊ, बदकाची घाण तुमच्या कोंबडीच्या चोचीपर्यंत कुठल्या रस्त्यानं येऊ शकते ते एकेक शोधू. बदक काही शेडमधे चालत येत नाही ना. पाच-सहा पोरं पण मागं आली.

पहिलाच रस्ता डोळ्यासमोर होता. पाइपलाइन. उन्हाळ्यात बोअर आटतो म्हणून तात्यांनी तलावातनं मोटार टाकलेली, आणि एकदा टाकली म्हटल्यावर बारा महिने तीच चालू. तलावाचं पाणी थेट टाकीत, टाकीतनं थेट कोंबड्या पाणी पितात त्या ड्रिंकरमधे. थंडीत 5000 मोठे पक्षी दिवसाला हजार-बाराशे लिटर पाणी पितात. म्हणजे ज्या पाण्यात शेकडो बदकं दिवसभर बसतात त्यातलं हजार लिटर रोज आपण आपल्या हातानं कोंबड्यांना पाजतोय. हा विषाणू 22 अंशाच्या पाण्यात चार दिवसांपर्यंत टिकू शकतो, शून्य अंशाला महिन्याच्या वर. विष्ठेत 37 अंशाला सहा दिवस, 4 अंशाला पस्तीस दिवस. आपल्याकडं जानेवारीत पहाटे पारा दहा-बारावर येतो, त्यामुळं उन्हाळ्यात जो विषाणू लवकर मरतो तो थंडीत जास्त दिवस तग धरतो, आणि बदकं नेमकी थंडीतच असतात. पोरं गप्प झाली. फटाके आणायला निघालेला पोरगा म्हणाला, "म्हंजी बदक उठवून बी पाणी तेच की."

बाकीचे रस्ते पटापट सापडले. शेडवर काम करणारा गडी सुट्टीच्या वेळात तलावावर गळ टाकून बसतो आणि त्याच चपला घालून शेडमधे येतो. शेडच्या बाहेर गोण्या सोडताना खाद्य सांडतं, तिथं चिमण्या, साळुंक्या, कावळे गोळा. जाळीला दोन ठिकाणी भोक, हात जाईल एवढं. रोजची मर, म्हणजे चांगल्या बॅचमधे पण रोज दोन-चार पक्षी मरतातच, ती सरळ ओढ्यात. त्या मेलेल्या कोंबड्या कावळे खातात आणि नंतर जाऊन तलावाच्या काठावर पाणी पितात. हा रस्ता दोन्हीकडनं चालतो हे लक्षात घ्या, बदकाकडनं कोंबडीकडं जसा येतो तसा कोंबडीकडनं रानपक्ष्यांकडं पण जातो. पाहुण्या बदकांना आपल्या गावात येऊन लागण झाली असं पण होऊ शकतं. ही गोष्ट ऐकून तात्या जरा थांबले, म्हणाले हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आणि वस्तीच्या कोंबड्या. सकाळी खुराडं उघडलं की त्या तडक तलावाच्या काठावर, ओल्या चिखलात किडे उकरायला, जिथं रात्रभर बदकं बसलेली असतात तिथंच. संध्याकाळी परत येताना शेडच्या बाहेर सांडलेलं खाद्य टिपत येतात. तलाव, वस्ती आणि शेड यांना जोडणारी खरी कडी ही होती.

आता काय केलं ते सांगतो, सगळ्यात आधी पाणी. बोअरला जानेवारीत पाणी होतं, तेव्हा मोटार बोअरवर घ्यायची आणि तलावाची बंद ठेवायची हे ठरलं. पण लाइट आणि बोअरचा भरवसा नाही, म्हणून तलावाचं पाणी घ्यावंच लागलं तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्याशिवाय ड्रिंकरला सोडायचं नाही. टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत असतेच. ताज्या पावडरीत साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका क्लोरीन असतो, त्या हिशोबानं 1000 लिटरला 10 ग्रॅम म्हणजे 3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 3 भाग) आसपास. उघडी पडलेली जुनी पावडर असेल तर जोर कमी होतो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच संपतो, म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं, मग पावडर बादलीत कालवून वरचं पाणी टाकायचं, चुन्याचा साका टाकायचा नाही, तो ड्रिंकरच्या निपलमधे अडकतो. किमान अर्धा तास थांबायचं. आणि नुसतं टाकलं म्हणून भागत नाही, गावात पाणी तपासायला जी ओटी टेस्ट करतात तीच शेवटच्या ड्रिंकरच्या पाण्यावर करायची, पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथपर्यंत पोचला.

यात एक गोष्ट बरेचजण विसरतात. लासोटाची लस, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची), पाण्यातनं देतात, ती जिवंत लस आहे, क्लोरीननं मरते. लसीच्या आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद, त्या दिवशी बोअरचंच पाणी आणि त्यात थोडी दूध पावडर. बर्ड फ्लू टाळायच्या नादात लस वाया गेली आणि मानमोडी आली तर काय उपयोग. तसंही मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या नजरेनं वेगळे सांगता येत नाहीत. तुरा निळा-जांभळा पडणं, डोकं सुजणं, पायावर लाल चट्टे, पटकन मरणं हे बर्ड फ्लूकडं बोट दाखवतं, मान वाकडी होणं, हिरवी संडास मानमोडीकडं, पण दोन्हीत दोन्ही दिसू शकतं. मी इतकी वर्षं बघतोय तरी डोळ्यानं बघून छातीठोक सांगणार नाही. लॅब लागतेच. आणि मानमोडीला जशी लस आहे तशी एच5एन1 ची लस आपल्या देशात कोंबड्यांना देत नाहीत, लागण निघाली की पक्षी नष्ट करणं हेच धोरण.

गड्यासाठी शेडच्या दारात वेगळे गमबूट ठेवले. ते शेडच्या बाहेर जात नाहीत आणि बाहेरची चप्पल आत येत नाही. दारातल्या पाय बुडवायच्या औषधाच्या ट्रेवर माझा एवढा भरवसा नाही, त्यात दोनदा शेणा-मातीचे पाय पडले की ते औषध राहत नाही, नुसतं काळं पाणी होतं, पण लोकांना ट्रे दिसला की समाधान वाटतं. बूट बदलणं जास्त कामाचं. जाळीची भोकं तारेनं शिवली, खाद्याच्या गोण्या आतल्या खोलीत, सांडलेलं त्याच दिवशी झाडून घ्यायचं. मर ओढ्यात टाकणं बंद, शेडपासून लांब उंचवट्यावर खोल खड्डा, प्रत्येक थरावर चुना, वर पत्र्याचं झाकण. कंपनीच्या सुपरवायझरला सांगितलं की तुम्ही एका दिवसात पाच शेड फिरता, तर इथं आल्यावर बूट आमचे घाला. तो आधी चिडला, मग घातले. लिफ्टिंगची, म्हणजे तयार कोंबड्या उचलून नेणारी गाडी दारापर्यंत येते, तिच्यातले कोंबड्या भरायचे क्रेट दहा गावं फिरून आलेले असतात, त्यांच्यावर कोंबडीची वाळलेली घाण असते. ते गावाच्या वेशीवर धुवून मग आत घ्यायचे असं ठरलं, पण ते नेहमी होतंच असं नाही, रात्री दोनला गाडी आली की कोण धुतंय. माझं स्पष्ट मत आहे की बदकांइतकंच किंवा जास्तच लक्ष या क्रेटवर पाहिजे. बदक तलावावरच बसून राहतं, क्रेट मात्र एका रात्रीत तीन तालुके फिरतो.

सगळ्यात अवघड गेलं ते वस्तीतलं. तिथल्या एक मावशी, सात-आठ कोंबड्या, अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे हा त्यांचा स्वतःच्या हातातला एकमेव पैसा. गावरान कोंबडी बाजारात पाचशेच्या पुढं जाते. मी म्हटलं मार्चपर्यंत कोंबड्या तलावाकडं सोडू नका. त्या म्हणाल्या, "कोंडून ठिवल्यावर खायला काय घालू डॉक्टर? ती तळ्यावर जाऊन पोट भरती म्हणून तर परवडतंय." बरोबर होतं. शेवटी असं निघालं की जुन्या मासेमारीच्या जाळ्या आणि साड्या लावून आठ-दहा घरांनी मिळून गोठ्यामागं आडोसा केला, पिल्लं डालग्याखाली, आणि तात्यांनी ज्वारी-मक्याची कणी कमी भावात द्यायचं कबूल केलं. तात्यांना ते का करावंसं वाटलं तर त्यांना कळलं होतं की त्यांच्या शेडपेक्षा आधी आजार आला तर तो या कोंबड्यांत येणार, आणि शासनाच्या नियमात लागण झाल्या ठिकाणापासून 1 किमीतल्या सगळ्या कोंबड्या जातात, मग त्या 5000 असोत की 5. सगळ्या कोंबड्या काही आडोशात राहिल्या नाहीत, गावरान कोंबडी उडते, पण सकाळचा तलावाचा फेरा बराच तुटला.

नुकसानभरपाईचं पण स्पष्ट बोललो. पैसे मिळतात ते शासनानं नष्ट केलेल्या पक्ष्यांचे, आधीच मेलेल्यांचे मिळत नाहीत. म्हणून मर दिसली की लपवून ठेवणं किंवा उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकून मोकळं होणं यात आपलंच नुकसान आणि तालुकाभर आजार. 2009 च्या कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक पण आहे. पण मावशींनी लगेच विचारलं की एका कोंबडीचे किती देतेत. 2021 ला अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीचे 90 रुपये आणि मोठ्या ब्रॉयलरचे 70 रुपये होते. पाचशेच्या कोंबडीला नव्वद. त्या काही बोलल्या नाहीत. मला मनापासून वाटतं की बर्ड फ्लू रोखायचा असेल तर गावरान कोंबडीचा दर बाजाराच्या जवळ आणायला पाहिजे, नाहीतर कायदा कितीही कडक करा, बाई कोंबडी लपवणारच आणि मी तिला दोष देणार नाही.

फेब्रुवारीच्या सुरवातीला एका भोयाला काठावर मेलेला थापट्या सापडला. आधी असता तर कुत्र्यानं नेला असता किंवा कुणीतरी भाजून खाल्ला असता. त्यानं हात लावला नाही, काठी रोवून खूण केली आणि फोन केला. रानपक्षी म्हणून वनविभाग आणि आजार म्हणून पशुसंवर्धन, दोघांनाही कळवावं लागतं, आणि एका कार्यालयानं दुसऱ्याकडं ढकलण्यात अर्धा दिवस गेला, तेवढा वेळ पोरं तिथं कुत्री-कावळे हाकलत उभी राहिली. शेवटी हातमोजे, मास्क घालून, दोन पिशव्यांत बांधून, बर्फात ठेवून तो गेला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. दरम्यान वस्तीत चार कोंबड्या मेल्या, गावात परत धावपळ, तपासल्यावर मानमोडी निघाली, कारण लस दिलेली नव्हती. मग वस्तीतल्या सगळ्या कोंबड्यांना लस झाली, हे पण या सगळ्यातलंच काम.

माणसांबद्दल लोक विचारतातच. चांगलं शिजवलेलं चिकन-अंडं खायला हरकत नाही, 70 अंशाच्या वर विषाणू मरतो, आपला रस्सा तर उकळतोच. धोका आहे तो मेलेली कोंबडी सोलण्यात आणि कच्चं तोंडात घालण्यात. मार्च 2025 ला आंध्रच्या पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची मुलगी एच5एन1 नं गेली, तिला कच्च्या चिकनचा तुकडा दिला होता. हे मी वस्तीत सांगितलं तेव्हा बायांनी लेकरांना कोंबडी सोलायच्या जागेवरनं उठवायला सुरवात केली.

तात्यांची बॅच वेळेवर लिफ्ट झाली, मर नेहमीइतकीच. यावरनं आमच्या उपायांमुळंच गाव वाचलं असं मी म्हणणार नाही, कदाचित त्या तलावावर विषाणू आलाच नसेल. एवढं मात्र नक्की की आला असता तर आधी त्याला सहा-सात दारं उघडी होती आणि आता त्यातली बरीचशी बंद होती. खर्च म्हणाल तर गमबूट, तार, चुना, खड्डा खणायची मजुरी, टीसीएल तर पंचायतीचीच, एका बॅचच्या विम्याइतका पण नाही. फटाके फुटले नाहीत, बदकं मार्चमधे आपली आपण गेली.

राहिलेलं काम दोन आहे. एक कोंबडखत, बॅच संपली की लिटरची, म्हणजे शेडमधल्या विष्ठा मिसळलेल्या भुशाची ट्रॉली उघडीच शेतावर जाते, वाटेत सांडत, आणि बऱ्याचदा तलावाच्या वरच्या रानातच पसरली जाते, पहिल्या पावसात ते सगळं तलावात. ते आधी ताडपत्रीखाली ढीग लावून तापवायचं आणि मग नेताना झाकून न्यायचं असं तात्यांशी बोलणं झालंय. दुसरं म्हणजे गावाबाहेरची चिकनची दुकानं, त्यांची आतडी-पिसं अजून ओढ्यातच पडतात आणि कावळे तिथंच असतात. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीनं खड्डा आणि ठराव दोन्ही करायला पाहिजेत, आणि ते दिवाळीत बदकं उतरायच्या आधी, ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच व्हायला पाहिजे.